खाटेपासून न्हाणीपर्यंत

सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यातल्या फोंडाघाट गावातले जुने घर बांधले गेले ते पावसाला तोंड द्यायला. सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसलेल्या या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून जोते उंच, आणि जोते उंच म्हणून पायऱ्या. वळचणीचे पाणी आत येऊ नये म्हणून उंबरठा वर उचललेला. झड आत शिरू नये म्हणून कौलांचा उतार खाली ओढलेला आणि खिडक्या लहान, त्यामुळे माजघरात भर दुपारीही अंधार. धूर आणि सांडपाणी घरात नको म्हणून न्हाणी मागीलदारी, आणि संडास त्याहून पलीकडे, परड्यात. यातला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता. घरात माणसे भरपूर होती, पाय तरुण होते, आणि म्हातारीला हात धरून न्यायला एखादे तरी नातवंड जवळ असायचे.

आता ते नातवंड कांदिवलीत किंवा हिंजवडीत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. कामाच्या वयाचा माणूस मुंबई, पुणे, गोवा गाठतो आणि घर आईच्या हवाली होते, हेच या आकड्यांत दिसते. वाडीवाडीतली मोठमोठी चिरेबंदी घरे आज एक किंवा दोन म्हातारी माणसे सांभाळत आहेत.

अशा घरात आईवडील सुखरूप कसे राहतील, हा प्रश्न चाकरमानी मुलांना छळतो. उत्तर म्हणून एक तर आईला मुंबईच्या दोन खोल्यांत नेऊन बसवले जाते, नाहीतर गावचे घर पाडून नवे बांधायचा बेत होतो. माझे म्हणणे असे की दोन्हींची गरज बहुतेक वेळा नसते. सगळे घर सुधारू नका. त्या घरातली एकच वाट आधी सुधारा: रात्री अंधारात खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत किंवा संडासापर्यंत जायची आणि परत येऊन आडवे व्हायची वाट. पैसा थोडा असेल तर तो सगळा या वाटेवर घाला.

हीच वाट का, ते शरीराकडे पाहिले की कळते. वय वाढले की रात्री लघवीला उठणे वाढते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून क्षणात दाब सावरते, म्हातारे शरीर त्याला वेळ घेते, आणि तेवढ्यात भोवळ येते. डोळ्याची बाहुली वयाबरोबर लहान होते आणि भिंग पिवळट होते; साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो. अंधाराची सवय व्हायलाही त्या डोळ्याला जास्त वेळ लागतो. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर जमीन ओली आहे की कोरडी, हेच पायाला कळत नाही. मांडीचे स्नायू बारीक झालेले असतात, त्यामुळे तोल गेला तरी पाऊल पटकन पुढे टाकून सावरता येत नाही. या सगळ्या गोष्टी एकत्र येतात त्या मध्यरात्रीच्या त्या वाटेवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांनंतरचे हेच सर्वांत मोठे कारण आहे, आणि यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपल्याकडे मात्र पडणे हे कारण म्हणून सहसा धरले जात नाही. ‘आजी न्हाणीत पडली, मग अंथरुणालाच खिळली, आणि पावसाळा संपता संपता गेली’ असे आपण सांगतो, आणि कारण म्हातारपणाला लावतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी निदान पाचातला एक वर्षभरात दगावतो, असे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. मरण हाडाने येत नाही. ते येते अंथरुणावर पडून राहिल्याने होणाऱ्या न्यूमोनियाने, रक्ताच्या गुठळ्यांनी, शय्याव्रणांनी. म्हणून शस्त्रक्रिया लवकर होऊन माणूस लवकर उभा राहणे महत्त्वाचे. फोंडाघाटातून त्यासाठी कणकवली गाठायची, तिथून ओरोसचे जिल्हा रुग्णालय, आणि मोठी शस्त्रक्रिया असेल तर घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोव्यात बांबोळीचे इस्पितळ. जुलैतल्या पावसात, घाटात दरड आली असताना, या प्रवासाला काय लागते ते गावातल्या माणसाला सांगायला नको.

घरात केलेल्या लहान दुरुस्त्यांनी खरोखर फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२३ मध्ये २२ अभ्यास आणि सुमारे साडेआठ हजार वृद्धांची माहिती एकत्र करून याचे उत्तर दिले. घरातले पडण्याचे धोके शोधून ते दूर केले, तर पडण्याचे प्रमाण सरासरी २६ टक्क्यांनी घटते. जे आधी कधी पडले आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामात मदत लागते, अशांत ते ३८ टक्क्यांनी घटते. धडधाकट वृद्धांच्या बाबतीत मात्र असा लाभ दिसला नाही. म्हणजे ज्या आईचा पाय एकदा घसरला आहे, तिच्या घरापासून सुरुवात करायची. एवढा परिणाम एखाद्या गोळीने झाला असता तर ती प्रत्येक आरोग्य केंद्रात मोफत मिळाली असती.

आता वाटेला लागू. खाट आधी. खाटेच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत. साधारण दीड फूट उंची बहुतेकांना पुरते. ढिली पडलेली सुंभाची बाज खोलगट होते आणि तिच्यातून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. तिची वीण ताणून घ्या किंवा ती बदला. मुंबईहून आणलेल्या जाड गादीने पलंग फार उंच झाला असेल तर तेही वाईट, कारण पाय लोंबकळतात आणि उतरताना माणूस घसरत खाली येतो. उठल्यावर लगेच चालायचे नाही, कडेवर बसून पाय हलवायचे आणि मगच उभे राहायचे, ही सवय मात्र घरच्यांनी सांगून सांगून लावावी लागते. खाटेजवळ भिंतीला किंवा खांबाला एक दांडा असला की उठताना हात तिथे आपोआप जातो.

दुसरा उजेड. पावसाळ्यात फोंडाघाटासारख्या गावात झाड तारेवर पडून वीज जाणे हे नेहमीचे आहे, म्हणून नुसता दिवा लावून काम भागत नाही. बॅटरीवर चालणारे एलईडी बल्ब आता तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. वीज गेली तरी ते आपोआप चालू राहतात. असा एक माजघरात, एक मागच्या पडवीत आणि एक न्हाणीत. माणूस हलला की लागणारा सेन्सरचा दिवा मागीलदारी लावला तर आणखी चांगले, कारण अंधारात बटण चाचपडणे हाच तोल जायचा क्षण असतो. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा, गुडघ्याच्या उंचीला लावा. पायाखालचे दिसायला हवे, कौलांचे वासे नव्हे. परड्यात पाऊल टाकायचे असेल तर उजेडाला आणखी एक कारण आहे. या जांभ्याच्या मुलखात फुरसे, घोणस आणि मण्यार आहेत, आणि पावसाळ्याच्या रात्री ती वाटेवर येतात. आणि न्हाणीत पाणी तापवायचा गिझर किंवा रॉड असेल तर घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्या. ओल्या भिंतीतून बसणारा विजेचा झटका जिवावर बेतण्याआधी तो वीज तोडतो.

उंबरठ्यापाशी मला जरा थांबावेसे वाटते. शहरातला इंजिनिअर सरळ सांगतो की उंबरठे काढा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या राष्ट्रीय नियमावलीत दारातला उंचवटा बारा मिलिमीटरहून अधिक नसावा असे आहे. पण आपल्या घरात उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिले जाते, नव्या नवरीचे माप तिथे ओलांडले जाते. तो कापायला आई तयार होणार नाही, आणि तिच्या घरात तिच्या मनाविरुद्ध काही करू नये असे मला वाटते. तर मुख्य दाराचा उंबरठा राहू द्या. रात्रीच्या वाटेवरचा, म्हणजे माजघरातून मागच्या पडवीत जायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाची उतरती पाचर ठोकून घ्या. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. तेही नको असेल तर उंबरठ्याच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा दोन बोटे रुंद पट्टा मारा आणि चौकटीला उभा दांडा लावा. काळसर लाकूड आणि लालसर जमीन म्हाताऱ्या डोळ्याला एकच दिसते. पांढरी रेघ लगेच वेगळी दिसते.

जमिनीचा विषय यातला सर्वांत वाईट आहे, कारण इथे धोका आपणच पैसे खर्च करून आणला. शेणाने सारवलेली जमीन खडबडीत, पायाला पकड देणारी आणि पडलेच तर थोडे सांभाळून घेणारी असते. तिला कष्ट फार, दर काही दिवसांनी सारवण, म्हणून ती गेली हे चांगलेच झाले. त्या सारवणाने कितीतरी बायांच्या कमरा मोडल्या आहेत. पण तिच्या जागी मुलांनी हौसेने चकचकीत लादी घातली. पावसाळ्यात ओल्या पायांनी आत येणाऱ्या माणसासाठी यापेक्षा घातक जमीन नाही. लादी बसवून झाली असेल तर ती उखडायची गरज नाही. रात्रीच्या वाटेवर तेवढी खरखरीत, मॅट लादी बसवा, किंवा मागे रबराची पकड असलेली लांब पट्टी चिकटवून टाका. सुटी पायपुसणी, जुन्या साड्यांची गोधडी दारात टाकणे बंद करा. ती पायाबरोबर सरकते. न्हाणीत तर लादी घेतानाच दुकानदाराला सांगून तिच्यावर पाणी ओतून बघावे आणि अंगठा घासावा.

आणि स्लीपर. तळ झिजून गुळगुळीत झालेली रबरी स्लीपर अंगणात आणि न्हाणीत एकच वापरली जाते. आईला नवीन घेऊन देणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय. म्हातारी माणसे मात्र ती कपाटात ठेवतात आणि जुनीच घालतात, म्हणून जुनी टाकून देणेही मुलांनाच करावे लागते.

न्हाणी. जुनी न्हाणी घरापेक्षा एक पायरी खाली असते, कडेला पाणी तापवायची चूल, वर धुराने काळे झालेले छप्पर, बसायला एक दगड. खाली उतरताना हातात काही नाही, पायाखाली साबणाचे पाणी. इथे तीन गोष्टी लागतात: उतरताना धरायला दांडा, बसायला पाठ टेकणारी घट्ट खुर्ची, आणि बसल्या जागी हाताला येणारे पाणी. साधी प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या लादीवर पाय फाकून मोडते. तिच्याऐवजी रबरी बूट लावलेली लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची न्हाणीची खुर्ची घ्यावी. घंगाळातून वाकून तांब्या भरण्यापेक्षा नळाला जोडलेला हाताचा फवारा बरा.

दांड्याचे एक तांत्रिक सत्य गवंड्याला आवर्जून सांगायला हवे. आपल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. सिमेंटच्या भिंतीत धरतो तसा प्लॅस्टिकचा गट्टू आणि स्क्रू चिऱ्यात धरत नाही. सत्तर किलोच्या माणसाने घसरताना एकदम ओढले की चिऱ्याच्या भुग्यासकट तो बाहेर येतो. भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी, किंवा तेवढा चिरा काढून तिथे काँक्रीट भरावे आणि त्यात दांडा रोवावा. दांड्याची जाडी मुठीत मावेल अशी, सुमारे चार सेंटिमीटर, आणि भिंतीपासून अंतर एवढे की मूठ आत जाईल पण कोपर अडकणार नाही. लादीला चोखून बसणारे प्लॅस्टिकचे दांडे बाजारात मिळतात, ते घेऊ नका. टॉवेलचा रॉडही दांडा नव्हे, पण पडता माणूस तोच धरतो, म्हणून न्हाणीत रॉड लावायचा तर दांड्याइतकाच मजबूत.

यापुढचा टप्पा संडासाचा, आणि त्याबद्दल बोलताना कणकवलीचे नाव घेतलेच पाहिजे. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला आणि माणसाने माणसाची घाण वाहू नये म्हणून ‘गोपुरी संडास’ घडवला. मैल्याचे खत होईल आणि कोणाला डोक्यावरून ते वाहावे लागणार नाही, अशी त्याची रचना. ब्राह्मण घरातला हा माणूस स्वतः हातात झाडू घेऊन भंगीकाम करत होता. संडास ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, हे या तालुक्याला त्यांच्या कामातून समजले. पुढे २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात देशातल्या सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. घराघरात संडास झाला. आता राहिले आहे ते पुढचे काम: ऐंशी वर्षांच्या बाईला तिथे एकटीने जाता, बसता आणि उठता यावे.

ते आज होत नाही. स्वच्छ भारत अभियानातल्या बारा हजार रुपयांच्या अनुदानातून झालेले अनेक संडास घरापासून दूर, परड्याच्या टोकाला आहेत. चुलीजवळ, देवघराजवळ संडास नको, ही जुनी भावना त्यामागे आहे, आणि ती टोपलीच्या संडासाच्या काळात अगदी योग्य होती. पण आताच्या भांड्याच्या नळीत पाणी अडून राहते आणि ते वास व माश्या रोखते. त्यामुळे संडास मागच्या पडवीला जोडायला हरकत नाही. दूर हवा तो खड्डा. पाइपाला उतार देऊन खड्डा लांब नेता येतो. विहिरीपासून तो निदान दहा मीटर असावा, आणि जांभ्याच्या भेगांतून पाणी झपाट्याने पाझरते म्हणून आपल्याकडे शक्य तेवढा अधिक, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. मुख्य गोष्ट एवढीच: माणसाला पावसात छत्री धरून जावे लागता कामा नये.

आणखी एक बारीक गोष्ट, तिने जीव वाचतो. या लहान संडासांचे दार आत उघडते. आत माणूस कोसळला की त्याचे शरीर दाराला अडते, आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. कौले काढून आत उतरावे लागते. दार बाहेर उघडणारे करा आणि कडी अशी बसवा की वेळेला बाहेरूनही सरकवता येईल.

भांडे देशी की कमोड, यावर घराघरात वाद होतात. ज्याचे गुडघे चालतात त्याने देशी वापरावे, बाजूला दांडा मात्र हवाच. ज्याला उठता येत नाही त्याच्यासाठी देशी भांड्यावर ठेवायची चार पायांची खुर्ची मिळते. लादी न फोडता काम होते आणि घरातली बाकीची माणसे जुनेच वापरू शकतात. खुर्चीचे पाय हलणार नाहीत याची खात्री करा. रात्रीपुरते खाटेजवळ ठेवायचे कमोडचे आसन घ्यायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण आषाढातल्या रात्री जवळ ठेवलेल्या एका भांड्याने आईची परड्याची फेरी वाचते, आणि सकाळी ते रिकामे करणाऱ्या सुनेला किंवा शेजारणीला ती फेरी दिवसाउजेडी करता येते.

पायऱ्या आणि खळे, म्हणजे पुढचे अंगण, हा दिवसाचा धोका. चिऱ्याची पायरी म्हणजे एका चिऱ्याची उंची, सात ते नऊ इंच. म्हाताऱ्या गुडघ्याला सहा इंचांपलीकडची पायरी जड जाते. अनेकांना वाटते की रॅम्प केला की प्रश्न मिटला. हिशेब करून बघा. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट. तेवढी जागा खळ्यात नसते, मग उतार आखूड आणि उभा करतात, आणि शेवाळ धरलेल्या उभ्या उतारावर पायरीपेक्षा जास्त माणसे घसरतात. त्यापेक्षा जुन्या पायऱ्यांवर नव्या, कमी उंचीच्या आणि फूटभर रुंद पायऱ्या बांधून घ्याव्यात. सगळ्यांची उंची अगदी सारखी, कारण एक जरी पायरी अर्धा इंच चुकीची असली तरी पाय तिथेच अडखळतो. दोन्ही बाजूंना कठडा किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा दांडा, पायरी संपल्यावरही फूटभर पुढे गेलेला. चाकाच्या खुर्चीची गरज असेल तर घराच्या वरच्या अंगाला जाऊन बघा. फोंडाघाटातली जमीन उताराची आहे. बऱ्याच घरांची एक बाजू जमिनीला जवळजवळ लागलेली असते. तिथे दार काढले तर दोन-चार फुटांचा उतारही पुरतो.

शेवाळासाठी पहिल्या पावसानंतर, मग मध्ये आणि गणपतीच्या आधी, असे ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशाने घासून घ्यावे. हे काम म्हाताऱ्या माणसाने करायचे नाही. मजुरी देऊन वाडीतल्या पोराकडून करवून घ्या. तुळशीभोवती आणि विहिरीच्या काठावर सर्वांत आधी, कारण आई रोज तिथे जाणार, कितीही सांगितले तरी.

या दुरुस्त्यांच्या खर्चाबद्दल जपानचा दाखला खरोखर उपयोगी आहे. तिथली जुनी घरेही जोत्यावर उंचावलेली, आत जाताना पायरी, उकिडवे बसायचा संडास, जमिनीवरचे जगणे. २००० मध्ये जपानने वृद्धांच्या देखभालीचा विमा सुरू केला, आणि त्यात घराच्या दुरुस्तीसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चाला मदत ठेवली. कशासाठी, ते वाचले की आपले घर डोळ्यांसमोर येते: भिंतीला दांडे, उंचवटे सपाट करणे, न घसरणारी जमीन, सरकती दारे, उकिडव्या संडासाच्या जागी बसायचा.  आपल्याकडे घराच्या दुरुस्तीसाठी असे काही नाही. पण साधनांसाठी आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला एकदाच तीन हजार रुपये मिळायची तरतूद आहे. काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा यांसाठी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून अशी साधने देते. फोंडाघाटचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई यांना विचारावे. तिथेच डोळे तपासून घ्यावेत, कारण मोतीबिंदू काढला की पडणे कमी होते. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, विशेषतः झोपेची गोळी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे आणि रुग्णवाहिकेचा १०८. हे दोन आणि वाडीतल्या दोन घरांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवा, जमिनीवर पडल्या पडल्या दिसतील एवढे खाली. मोबाइल गळ्यात दोरीने असू दे. पडून तासन्‌तास कोणाच्या लक्षात न येणे, हे हाड मोडण्याइतकेच घातक असते. सकाळी आठपर्यंत मागचे दार उघडले नाही तर शेजारीण हाक मारील, एवढा ठराव वाडीत होऊ शकतो आणि काही वाड्यांत तो न बोलता पाळला जातो.

सर्वांत अवघड काम आईला पटवायचे. ‘ह्या कित्याक व्हया? मी काय पांगळी आसंय?’ हे उत्तर प्रत्येक घरात मिळते, आणि ते मानी माणसाचे उत्तर आहे. तिला काही नाकारू नका. दांडा तिच्यासाठी म्हणून नव्हे, गणपतीला येणाऱ्या सगळ्यांसाठी म्हणून लावा. तो खरोखर सगळ्यांच्या उपयोगी येतो, गरोदर सुनेच्या आणि लहान मुलाच्याही. तिची कामे काढून घेऊ नका. पाटावर बसून जेवणारी, जमिनीवर बसून नारळ खवणारी बाई ऐंशीतही आधाराशिवाय उठते, ती याच सवयीमुळे. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ अराउजो यांनी पन्नाशी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितले आणि २०१२ मध्ये दाखवून दिले की ज्यांना हे हाताच्या आधाराशिवाय जमत होते ती माणसे पुढच्या वर्षांत जास्त जगली. म्हणून जोवर जमते तोवर पाट राहू द्या. शेजारी धरायला एक खांब असू द्या.

हे सगळे करायचा महिना मे. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा भिंती ओल्या असतात, गवंडी मिळत नाही आणि घर पाहुण्यांनी भरलेले असते. मेमध्ये चिरा कोरडा, सुतार-गवंडी गावात, आणि आंबे खायला तुम्ही स्वतः तिथे. घरी पोचल्यावर पहिल्याच रात्री, सगळे झोपल्यावर, मेन स्विच बंद करून आईच्या खाटेपासून संडासापर्यंत बॅटरी न घेता एकदा चालून बघा, शक्य तर तिचीच स्लीपर घालून. जिथे हात आपोआप भिंत शोधेल तिथे सकाळी खडूने खूण करा आणि गवंड्याला दाखवा. ग्रामपंचायतीलाही एक विनंती आहे. यापुढे गावात होणाऱ्या प्रत्येक घरकुलाच्या आणि संडासाच्या नकाशात दार बाहेर उघडणारे आणि आत एक दांडा, एवढे लिहूनच मंजुरी द्यावी. दार बाहेर उघडणारे ठेवायला बांधकामाचा एक रुपयाही जास्त लागत नाही.